क्लँडन पार्क: जळालेलं घर परत उभं करायचं, की जळालेलंच जपायचं? एक प्रकरण अभ्यास

जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचं काम करणाऱ्या लोकांमध्ये एक वाद कायम चालू असतो. पडलेलं, जळालेलं काही पूर्वीसारखं करून ठेवलं तर ते खरं की खोटं? आमच्यात चहा प्यायला बसलं की कुणीतरी हा विषय काढतंच आणि मग तासभर कुणी उठत नाही. मी अशा वेळी नेहमी एकाच घराचं उदाहरण देते, इंग्लंडमधल्या सरे परगण्यातलं क्लँडन पार्क, गिल्डफर्डजवळचं. कारण इथे एकाच संस्थेने, म्हणजे जुनी घरं आणि जमिनी जपणाऱ्या नॅशनल ट्रस्टने, एकाच घराबद्दल, साडेसहा वर्षांच्या अंतराने दोन वेगळी उत्तरं दिली. घर आणि घटना जाहीर आहेत त्यामुळे ती नावं आहेत तशी ठेवलीयेत, पण यात काम केलेल्या माणसांची नावं मुद्दाम घेतलेली नाहीत, कारण कोण चुकलं हा विषयच नाहीये, निर्णय कसे घेतले गेले हा विषय आहे.

पार्श्वभूमी: घर कुणाचं, कसलं

आधी एक गोष्ट क्लिअर करते. इंग्लिश कंट्री हाउस म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर टीव्हीवरचं मोठं घर, हिरवळ आणि बटलर येतो. पण हे घर म्हणजे एका जमीनदार घराण्याचं ऑफिस, राजकारणाचा अड्डा, पाहुण्यांवर छाप पाडायचं ठिकाण आणि राहायची जागा असं सगळं एकत्र असायचं. आपल्याकडच्या वाड्याशी तुलना करायचा मोह होतो पण वाडा बाहेरून बंद आणि आत चौकाकडे तोंड करून बसलेला असतो, कंट्री हाउस उलटं, त्याचं तोंड बाहेर बागेकडे, जमिनीकडे. मालक खिडकीतून बघतो तेव्हा जिथवर दिसतं तिथवर आपलंच आहे हे त्याला दिसलं पाहिजे आणि पाहुण्यालाही.

ऑन्स्लो घराण्याने क्लँडनची जमीन १६४१ मध्ये घेतली. या घराण्यातले तिघेजण लंडनच्या संसदेतल्या हाउस ऑफ कॉमन्सचे स्पीकर, म्हणजे सभापती झाले, त्यातले आर्थर ऑन्स्लो तर १७२८ पासून १७६१ पर्यंत, म्हणजे तेहेतीस वर्षं. म्हणून घरातल्या एका खोलीचं नावच स्पीकर्स पार्लर, तिथे या तिघांची चित्रं टांगलेली असायची. ही खोली लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

सध्याचं घर बांधलं ते थॉमस ऑन्स्लो यांनी, जुनं घर पाडून, १७२० आणि १७३० च्या दशकांत. पैसा कुठून आला तर बराचसा बायकोकडून. एलिझाबेथ नाइट ही जमैकातल्या मळ्यांच्या संपत्तीची वारस होती, म्हणजे साखर आणि गुलामांची मजुरी. हे पूर्वी घराच्या माहितीत एखाद्या ओळीत उरकलं जायचं, आता जरा मोकळेपणाने सांगतात. सांगायलाच पाहिजे, कारण या घरातली प्रत्येक वीट त्या हिशोबात बसते.

आर्किटेक्ट होता जाकोमो लिओनी, मूळचा व्हेनिसचा. तो इंग्लंडला आला आणि त्याने सोळाव्या शतकातला इटालियन वास्तुकार पलाडिओ याच्या वास्तुकलेवरच्या ग्रंथाची इंग्रजी आवृत्ती काढली, आणि त्या काळात इंग्लिश उमरावांना पलाडिओचं वेड लागलेलं, सगळ्यांना इटलीतल्या व्हिलासारखं घर हवं. गंमत अशी की लिओनीने पलाडिओची मूळ ड्रॉइंग्ज जशीच्या तशी छापलीच नाहीत, स्वतःच्या अकलेने "सुधारून" छापली. क्लँडनच्या पुढच्या सगळ्या भांडणात मला ही गोष्ट आठवत राहते, मूळ म्हणजे काय याचा घोळ या घराच्या जन्मापासूनच आहे.

बाहेरून घर लाल विटांचं, चौकोनी, जड, खरं सांगायचं तर थोडं कंटाळवाणंच. पुढे १८७६ मध्ये दारासमोर घोडागाडी उभी करायला एक छपरी पोर्च जोडलं गेलं, त्याने तर समोरचा भाग आणखीच बिघडला असं माझं मत. पण दार उघडून आत गेलं की मार्बल हॉल. चाळीस फूट लांब, चाळीस रुंद, चाळीस उंच, म्हणजे पूर्ण घन, दोन मजले एक केलेला, सगळा पांढरा. वर छताला आर्तारी नावाच्या कारागिराने केलेलं चुन्याच्या गिलाव्यातलं नक्षीकाम, त्यातल्या माणसांचे पाय चक्क कॉर्निसवरून, म्हणजे छताखालच्या कडेच्या पट्टीवरून, खाली लोंबत असायचे, जणू वर बसून खाली कोण आलंय ते बघतायत. खाली दोन शेकोट्या, त्यावर रिसब्रॅक या शिल्पकाराचं संगमरवरी काम. बाहेरच्या त्या जाड्याभरड्या विटांतून एकदम या पांढऱ्या उजेडात यायचं, हा सगळा खेळ ठरवून केलेला.

मग काळ बदलला. पहिल्या महायुद्धात घराचं हॉस्पिटल झालं, दुसऱ्या महायुद्धात सरकारी दफ्तरं सुरक्षित ठेवायला वापरलं. युद्धानंतर इंग्लंडमध्ये वारसा कर आणि देखभालीचा खर्च यांनी अशी घरं धडाधड पडली, विसाव्या शतकात हजाराच्या वर कंट्री हाउसेस पाडली गेली, लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमने १९७४ मध्ये त्यावर एक प्रदर्शन भरवलं तेव्हा लोकांना त्याचा आकडा कळून धक्का बसला. क्लँडन वाचलं कारण घराण्यातल्याच एका बाईंनी, काउंटेस ऑफ आयव्हा यांनी, १९५६ मध्ये ते नॅशनल ट्रस्टला देऊन टाकलं. साठच्या दशकाच्या शेवटी जॉन फाउलर या सजावटकाराने आतल्या खोल्यांना नवा रंग आणि नवं रूप दिलं. म्हणजे २०१५ पर्यंत लोक जे "अठराव्या शतकातलं" घर बघायचे त्यातलं बरंच एकोणीसशे साठच्या दशकातलं होतं. हेही लक्षात ठेवा.

काय घडलं: २९ एप्रिल २०१५

दुपारी चारच्या सुमाराला तळघरात आग लागली. पाहुणे घरात होते, अलार्म झाला, सगळ्यांना बाहेर काढलं, कुणालाही इजा झाली नाही, हे आधी सांगितलं पाहिजे. नंतरच्या तपासात निघालं की तळघरातल्या एका कपाटातल्या इलेक्ट्रिकल डिस्ट्रिब्यूशन बोर्डमध्ये बनवतानाच दोष राहून गेला होता, तिथे तापून पेट घेतला. कुणी सिगरेट टाकली नाही, कुणी वायर ओढून ठेवली नाही.

सोळा बंब आणि ऐंशीच्या आसपास जवान आले. पण जुन्या घरात आग डोळ्यांना दिसते तिथे नसते. भिंतींच्या आत पोकळ्या, फळ्यांच्या पॅनेलच्या मागे जागा, लाकडी फरशीच्या खाली जागा, नंतर बसवलेल्या लिफ्टचा उभा बोगदा, आणि हे सगळं एकमेकांना जोडलेलं, एकदम चिमणीसारखं. तळघरातली आग याच वाटांनी वर गेली, छताला पोचली, छत कोसळलं, आणि छत खाली येताना मजल्यांना घेऊन आलं. रात्रभर जळत होतं.

फायर ब्रिगेडच्या लोकांनी आणि ट्रस्टच्या स्टाफने मिळून काहीशे वस्तू बाहेर काढल्या. अशा घरांमध्ये आधीच एक यादी करून ठेवलेली असते, कुठली वस्तू आधी काढायची, कुठे आहे, किती माणसं लागतील, त्या यादीमुळेच एवढं तरी निघालं. तरीही बहुतेक संग्रह गेला, घराचा आतला भाग जवळजवळ सगळा गेला, फक्त एक खोली बऱ्यापैकी शाबूत राहिली, ती स्पीकर्स पार्लर. छताच्या गिलाव्यासकट. शेजारची खोली राख आणि ही उभी, आगीला काही लॉजिक नसतं असं वाटतं पण असतं, फक्त ते नंतर कळतं. मार्बल हॉलचं छत पूर्ण गेलं. दगडी काम मात्र टिकलं, रिसब्रॅकच्या शेकोट्या उघड्या विटांच्या भिंतीला चिकटून तशाच.

प्रश्न नेमका काय होता

लोकांना वाटतं प्रश्न पैशांचा असणार. तो इथे मुख्य नव्हताच, विम्याचे सहा कोटी पौंडांहून जास्त मिळाले. घर पाडून टाका हाही पर्याय खऱ्या अर्थाने नव्हता कारण इमारत ग्रेड वन लिस्टेड, म्हणजे इंग्लंडमधल्या सगळ्यात वरच्या संरक्षणाची, आणि बाहेरच्या विटांच्या भिंती उभ्याच होत्या.

प्रश्न होता की हे घर मौल्यवान कशामुळे होतं? बाहेरच्या भिंतींमुळे असेल तर त्या वाचल्यात, छप्पर टाका आणि झालं. आतल्या वस्तूंमुळे असेल तर त्या गेल्या आणि काहीही केलं तरी येत नाहीत. आणि त्या मार्बल हॉलमुळे असेल, म्हणजे एका विशिष्ट पांढऱ्या, घनाकार, नक्षीदार जागेमुळे, तर ती जागा परत करता येते का, आणि केली तर ती तीच का? या प्रश्नाचं उत्तर आधी दिलं असतं तर पुढचे पर्याय आपोआप लायनीत लागले असते. तसं झालं नाही, आधी उत्तर जाहीर झालं आणि प्रश्न नंतर पुढे आला.

आधीचा दाखला: अपपार्क

पर्याय बघायच्या आधी अपपार्कचं सांगावं लागेल कारण सगळे तेच उदाहरण देत होते. वेस्ट ससेक्समधलं हे घर, सतराव्या शतकाच्या शेवटचं, तेही नॅशनल ट्रस्टचंच. ३० ऑगस्ट १९८९ ला छतावर शिशाच्या पत्र्याचं दुरुस्तीचं काम चालू होतं, काम संपायला थोडेच दिवस राहिलेले, आणि कामगारांच्या बर्नरमुळे आग लागली. वरचे मजले आणि छत गेलं. ट्रस्टने ठरवलं की घर आगीच्या आदल्या दिवशी होतं तसं करायचं, नवंकोरं करायचं नाही, जुना उडालेला रंग, डाग, सगळ्यासकट. राडारोडा हजारो कचऱ्याच्या डब्यांमध्ये भरून, कुठल्या खोलीतला कुठला डबा ते लिहून ठेवून, त्यातून एकेक तुकडा शोधला. हाताने, साच्याशिवाय, चुन्याच्या गिलाव्यात नक्षी काढायची कला इंग्लंडमध्ये जवळजवळ संपली होती, ती या कामावर गवंडी लोक परत शिकले. जवळपास दोन कोटी पौंड खर्च आला आणि १९९५ मध्ये घर परत उघडलं. आज तिथे गेलं तर सांगितल्याशिवाय कळत नाही.

मग क्लँडनला तसंच का नाही? इथेच बहुतेक लोक घाई करतात असं मला वाटतं. अपपार्कची आग वरून खाली आली. छत जळत होतं तोवर खाली माणसांना वेळ मिळाला, तळमजल्यावरच्या बहुतेक वस्तू हिरवळीवर काढून ठेवता आल्या, भिंतीवरचे पॅनेल बऱ्याच प्रमाणात राहिले. क्लँडनची आग खालून वर गेली, भिंतींच्या आतून. एकाच संस्थेची दोन घरं, दोन्हीकडे दुपारी आग, पण दिशा उलटी, आणि त्या दिशेमुळे एका ठिकाणी तळमजला हातात राहिला आणि दुसऱ्या ठिकाणी फक्त टरफल. अपपार्कमध्ये तुकडे जोडायला मूळ वस्तू आणि मूळ भिंती होत्या. क्लँडनमध्ये जोडायचं कशाला, हाच प्रश्न.

पर्याय

पहिला पर्याय, सगळं घर होतं तसं. याच्या बाजूने बोलणारे काही भाबडे लोक नव्हते. त्यांचं म्हणणं असं की फोटो आहेत, मोजमापं आहेत, तुकडे आहेत, विम्याचे पैसे आहेत, आणि देणाऱ्याने घर ट्रस्टला दिलं ते कायमचं जपायला दिलं, मग जपा. शिवाय गिलाव्याची नक्षी ही शेवटी हाताची कला आहे, आजचा कारागीर हाताने करेल ती खोटी कशी? आमच्या फील्डमध्ये हे आर्ग्युमेंट फार ताकदीचं आहे, कारण अशी मोठी कामं मिळाली तरच ही कला टिकते, अपपार्कने दाखवलंच ते.

अडचण अशी की सगळं म्हणजे कुठल्या दिवसाचं सगळं? लिओनीचं १७३० चं, की फाउलरने साठच्या दशकात रंगवलेलं, की २८ एप्रिल २०१५ चं? आणि ज्या खोलीत ठेवायला मूळ फर्निचर, चित्रं, पोर्सेलीन राहिलेलंच नाही ती खोली हुबेहूब करून लोक आत काय बघणार? वरच्या मजल्यावरच्या साध्या बेडरूम्स कुणासाठी करायच्या?

दुसरा पर्याय मधला. तळमजल्यावरच्या महत्त्वाच्या खोल्या, म्हणजे मार्बल हॉल, सलून (मोठा दिवाणखाना) आणि वाचलेलं स्पीकर्स पार्लर, पूर्वीसारख्या करायच्या, आणि वरचे मजले आजच्या डिझाइनने, प्रदर्शनं आणि कार्यक्रमांसाठी. याला विंडसर कॅसलचा आधार होता, तिथे १९९२ च्या आगीनंतर काही दालनं होती तशी केली आणि सेंट जॉर्जेस हॉलचं छप्पर मात्र नव्या डिझाइनने केलं, १९९७ मध्ये काम संपलं, साडेतीन कोटी पौंडांच्या वर खर्च. लोकांना ते आवडलंही.

तिसरा पर्याय, आत जे उरलंय ते तसंच स्थिर करायचं, छप्पर टाकायचं, चालायला पूल आणि जिने करायचे, आणि लोकांना घराचा सांगाडा दाखवायचा. हा विचार इंग्लंडमध्ये नवा नाही. विल्यम मॉरिस यांनी १८७७ मध्ये जुन्या इमारती जपणारी जी संस्था काढली ती मुळात "रिस्टोरेशन"च्या विरोधातच, त्यांचं म्हणणं सरळ होतं, पडतंय ते सावरा, गेलंय त्याची नक्कल करू नका. आपण शनिवारवाडा असाच बघतो की, १८२८ च्या आगीनंतर उरलेल्या जोत्यांवरून चालत, आणि मनातल्या मनात मजले चढवत. पण प्रामाणिकपणे सांगा, किती जणांना ते मजले दिसतात?

आणि चौथा सूर असा होता की कशाला एवढा खटाटोप, आत काही उरलेलं नाही, हा पैसा ट्रस्टच्या दुसऱ्या घरांवर किंवा दुसरं एखादं धोक्यातलं घर वाचवायला वापरा. ऑन्स्लो घराण्याच्या सध्याच्या अर्लनीच, म्हणजे घराण्याचा किताब असलेल्या प्रमुखांनीच, घर परत बांधायला जाहीर विरोध केला. ज्यांच्या पूर्वजांचं घर त्यांनीच नको म्हणावं, याचं मला सुरुवातीला नवल वाटलं, नंतर पटलं, कारण त्यांच्यासाठी घर म्हणजे आठवण होती, आणि आठवणीची कॉपी नको वाटणं समजू शकतं.

पहिला निर्णय: २०१६

जानेवारी २०१६ मध्ये, म्हणजे आगीनंतर नऊ महिन्यांच्या आत, ट्रस्टने दुसरा पर्याय जाहीर केला. तळमजल्यावरच्या मुख्य खोल्या पूर्वीसारख्या, वर नवीन जागा. मग आंतरराष्ट्रीय डिझाइन स्पर्धा झाली, सहा टीम्स निवडल्या, सप्टेंबर २०१७ मध्ये अलाइज अँड मॉरिसन या फर्मची टीम जिंकली.

त्याच काळात आत खरं काम वेगळंच चालू होतं. आधी मोठा मचाण आणि वर तात्पुरतं छप्पर, कारण जळालेल्या घराचा पहिला शत्रू पाऊस. विझवायला मारलेलं पाणी भिंतींच्या पोटात शिरलेलं, त्यावर आणखी पाऊस म्हणजे विटा फुटणार. मग राडारोडा उपसणं, आणि उपसणं म्हणजे जेसीबी लावून नाही, उत्खननासारखं, चौकोन आखून, चाळणीने. स्पीकर्स पार्लरचं छत खालून टेकू देऊन धरून ठेवलेलं.

आणि जसजसा राडारोडा निघत गेला तसतसं घर उघडं पडत गेलं. गिलाव्याच्या मागे विटांच्या कमानी, दरवाज्यांवर वजन वाटून देणाऱ्या, भिंतीत बांधताना घातलेले लाकडी ओंडके जळून राहिलेल्या खाचा, बुजवलेली दारं, पॅनेल ठोकायच्या खुंट्या, गवंड्यांच्या खुणा. तीनशे वर्षं कुणाला न दिसलेलं बांधकाम. मी असल्या गोष्टी बघून वेडी होते, हे मान्य, आणि ट्रस्टमधल्या लोकांचंही तेच झालं असावं.

दुसरा निर्णय: २०२२

जुलै २०२२ मध्ये ट्रस्टने सांगितलं की खोल्या परत करणार नाही. बाहेरून घर नीट करायचं, खिडक्या दारं बसवायची, छप्पर टाकायचं, स्पीकर्स पार्लर जपायचं, पण आत घर उघड्या विटांचंच ठेवायचं, पूल आणि जिन्यांवरून लोकांना फिरवायचं, वर गच्चीवर जाता येईल असं करायचं. कंट्री हाउस आतून कसं बांधलेलं असतं याचा जणू एक्स-रे. आर्किटेक्ट तेच, उत्तर वेगळं.

आरडाओरडा झालाच. ट्रस्टवर आधीपासून नाराज असलेल्या सभासदांच्या गटाला आयता मुद्दा मिळाला, विम्याचे पैसे घेतले आणि घर बांधलं नाही म्हणून. दुसऱ्या बाजूला संवर्धनातल्या बऱ्याच लोकांना हा निर्णय धाडसी आणि प्रामाणिक वाटला. वादात गुलामगिरी, राजकारण, ट्रस्ट आता कुठल्या विचारांची झाली असलंही सगळं मिसळलं आणि गिलाव्याबद्दल बोलणारे कमी राहिले.

माझं मत सांगते. उघड्या विटा बघायला मिळणं ही विद्यार्थ्यांसाठी मेजवानी आहे, त्यात वाद नाही. पण पलाडिओची मूळ घरं सुद्धा विटांचीच, वर गिलावा देऊन दगडासारखी केलेली. या शैलीत वीट हे बांधकाम आहे आणि गिलावा ही वास्तुकला आहे. विटांवर पांढरा चुना चढवून, उजेड खेळवून, चाळीस फुटांचा घन डोळ्यांना जाणवेल असा करणं, याच्यासाठीच तर लिओनीला बोलावलेलं. सांगाडा दाखवला की भूल कशी घातली ते कळतं, पण भूल स्वतः बघायला मिळत नाही. म्हणून मी असते तर एकच खोली केली असती, मार्बल हॉल, आणि बाकी सगळं घर २०२२ च्या प्लॅनसारखं उघडं ठेवलं असतं. दार उघडून पांढऱ्या हॉलमध्ये या, आणि मग पुढच्या दारातून त्याच घराच्या हाडांमध्ये जा. दोन्ही एकमेकांमुळे समजली असती. माझ्या एका सीनियर मॅडमना हे अजिबात पटत नाही, त्या म्हणतात एक खोली केली की लोक तिथेच सेल्फी काढून निघून जातील. असेलही.

कुठे वेगळं करता आलं असतं

पहिली गोष्ट आगीच्या आधीची. बोर्डमधला दोष कुणाला दिसला नसता, पण बोर्डाच्या आजूबाजूची पोकळी दिसली असती. जुन्या घरात वायरिंग नवीन करताना आपण वायर बघतो, वायर ज्या भोकातून जाते ते भोक बुजवलंय का हे बघत नाही. तळघर, उभे बोगदे आणि छताखालची जागा, या तीन ठिकाणी आग अडवणारे आडोसे घातले असते तर कदाचित घर वाचलं नसतं, पण वेळ मिळाला असता, आणि अपपार्कमध्ये वेळेनेच तळमजला वाचवला. हे काम महागडं असतं, दिसत नाही, त्याचं उद्घाटन करता येत नाही, म्हणून ते मागे पडतं, हे मी माझ्याच साइट्सवर बघितलंय. एका क्लायंटने मला विचारलेलं, "ताई, हे भिंतीच्या आतलं कुणाला दिसणारे?" मी त्याला क्लँडनचे फोटो दाखवले, आगीच्या आधीचा आणि नंतरचा. त्याने तळघराचं काम मंजूर केलं, छताचं नाही केलं.

दुसरी गोष्ट, नऊ महिन्यांत जाहीर केलेला निर्णय. तेव्हा राडारोडा उपसून व्हायचा होता, भिंती वाळायच्या होत्या, काय सापडणार कुणाला माहीत नव्हतं. लोकांचं दुःख ताजं होतं, काहीतरी बोलायलाच हवं होतं, हे समजतं. पण फक्त एवढंच सांगता आलं असतं की घर सोडून देणार नाही, छप्पर टाकणार, बाकीचं तपासून दोन वर्षांनी सांगू. तसं न केल्यामुळे २०२२ चा निर्णय, जो एरवी नीट विचार केलेला निर्णय म्हणून ऐकला गेला असता, तो शब्द फिरवणं म्हणून ऐकला गेला. स्पर्धा घेताना सुद्धा तेच, टीम्सना उत्तर आधीच दिलेलं होतं, खोल्या परत करायच्या हे धरून डिझाइन करा. प्रश्न मोकळा ठेवून स्पर्धा घेतली असती तर कदाचित २०१७ मध्येच कुणीतरी सांगाड्याची आयडिया मांडली असती आणि पाच वर्षं वाचली असती.

तिसरी, गिलाव्याच्या कारागिरांना चर्चेला कधी बसवलं हा प्रश्न. आर्किटेक्ट, ट्रस्टी, इतिहासकार बोलतात तेव्हा "परत करता येणार नाही" हे वाक्य पटकन येतं. त्याचा अर्थ दोन प्रकारचा असतो, करणं शक्य नाही आणि करू नये. पहिल्याचं उत्तर फक्त गवंडीच देऊ शकतो, चुना, वाळू, गिलाव्यात मिसळायचे जनावरांचे केस, आणि किती महिने, असं. दुसऱ्याचं उत्तर बाकीच्यांनी द्यावं. ही दोन वाक्यं एकमेकांत मिसळली की चर्चा गढूळ होते, आणि माझ्या अनुभवात ती नेहमी मिसळतात.

आत्ता कुठे आहे

काम पूर्ण झालेलं नाही. हजारो तुकडे, मार्बल हॉलच्या छताचे, पानं, बोटं, चेहऱ्यांचे अर्धे भाग, नंबर लावून ठेवलेले आहेत, २०१६ मध्ये ते हॉल परत करायला लागतील म्हणून जपले होते, आता दाखवायला म्हणून जपलेत. मागे एका लेक्चरला मी त्यातल्या तुकड्यांचे फोटो स्क्रीनवर लावलेले. आमचे एक वयस्कर गवंडीकाका, जन्मभर पुण्यातल्या वाड्यांचे गिलावे केलेले, मागच्या खुर्चीवर बसलेले, ते उठून पुढे आले, चष्मा वर करून एक तुकडा बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "याने बोट डाव्या हाताने फिरवलंय बघ." मी तो फोटो किमान पन्नास वेळा बघितला होता.